चित्राला सुतक नसतं

वन्सं गेल्या तेव्हा आमच्या टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. ऐकायला विचित्र वाटेल, पण झालं ते असं. रविवार होता. आठवडाभर मी हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसून होते, आणि त्या संध्याकाळी त्यांनीच मला हाकलून घरी पाठवलं. नाकात नळी, दोन शब्द बोलले की दम लागायचा, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नव्हती. "निमा, आज रविवार. घरी जा, आंघोळ कर, आठ वाजता भाग बघ आणि येऊन मला सगळा सांग. मधलं काही गाळू नकोस, तुला घाई फार." माझी मुलगी मुग्धा नाशिकहून आलेली होती. ती म्हणाली, आई, जा, मी आहे ना आत्याजवळ. म्हणून गेले. आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, टीव्हीपुढे बसले. पहिली जाहिरात लागली आणि मी नेहमीप्रमाणे आवाज बंद केला. आवाज बंद होता म्हणूनच आतल्या खोलीत वाजणारा फोन ऐकू आला... मुग्धाचा होता. ती नुसतंच "आई" म्हणाली आणि मला कळलं. बाहेर येऊन पाहते तर पडद्यावर एक बाई हसत हसत फेसाने हात धूत होती.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. नाव प्रभावती, पण मी त्या नावाने त्यांना कधी हाक मारली नाही आणि माझ्या तोंडून ते निघणारही नाही. लग्न केलं नाही त्यांनी. का, ते लोकांनी खूप विचारलं. त्या म्हणायच्या, "राहून गेलं." सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या, आणि जुन्या पनवेलात तळ्याजवळच्या दोन खोल्यांत भावासोबत राहायच्या. त्या दोन खोल्यांत मी लग्न करून आले. माझ्या आईने जाताना कानात सांगितलं होतं, नणंद घरात आहे, जपून राहा. मी इतकी जपून राहिले की पहिला महिनाभर आम्ही दोघी एकमेकींशी मीठ आणि मोलकरीण याखेरीज बोललो नाही.

आम्हाला बोलायला लावलं ते टीव्हीने. वन्संनी कचेरीतल्या पतपेढीतून कर्ज काढून घेतला होता, काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढे सरकती दारं. तेव्हा वाहिनी एकच. पण आठवड्यातून एकदा एखादी अशी मालिका लागायची की अख्खी गल्ली चिडीचूप. तेरा भाग, बास. तेरा आठवड्यांत एका कुटुंबाची सगळी कथा सांगून संपायची. शेजारपाजारचे येऊन जमिनीवर बसत, वन्सं खुर्चीवर, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. एकदा मधेच जाहिराती लागल्या तशा वन्संनी उठून आवाजाचं बटण पिळून बंद केलं, मागे वळल्या आणि थेट मला विचारलं, "काय गं, त्या मोठ्या सुनेचं काय चुकलं असं वाटतं तुला?" लग्नानंतर मला कोणी माझं मत विचारण्याची ती पहिली वेळ. मी म्हटलं, चुकलं काही नाही, तिने नवऱ्याला आधीच सांगायला हवं होतं. "बरोबर," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या काकूंना सरकायला सांगून मला पुढे जागा केली. तेव्हापासून आमचा नियम पडला. जाहिरात लागली की आवाज बंद, आणि आवाज बंद झाला की बोलायची पहिली पाळी वन्संची. घरातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी आम्ही त्या दोन-दोन मिनिटांत ठरवल्या आहेत. मुग्धाचं नाव, नवीन पनवेलचा हा फ्लॅट, माझ्या गर्भाशयाचं ऑपरेशन... सगळं जाहिरातीत.

हे गेले तेही अशाच एका मालिकेच्या अधेमधे. शेवटचे काही महिने ते अंथरुणालाच होते, आणि आम्ही तिघं मिळून एक मालिका बघायचो. घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट होती. ह्यांना एकच ध्यास. "शेवटी बाप त्याला घरात घेतो का गं?" वन्सं म्हणायच्या, धीर धर वसंता, पुढच्या आठवड्यात कळेल. पुढचा आठवडा आला, ते नव्हते. टीव्हीवर चादर टाकलेली. आमच्याकडे सुतकात टीव्ही लावत नाहीत, आणि ही चादर टाकणाऱ्या खुद्द वन्संच. शिस्तीच्या अशा कडक की सुतकात रेडिओवरच्या बातम्यासुद्धा बंद. मी तर दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले होते, तर त्या चहाचा कप घेऊन आल्या आणि माझ्यासमोर फरशीवर बसल्या. स्वतःचा पाठचा भाऊ गेलेला, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "घोटभर चहा घे गं. रडायलाही ताकद लागते." मी घेतला. मग त्या उठल्या, बाहेर गेल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि टीव्हीवरची चादर बाजूला केली. मी बघतच राहिले. "अहो वन्सं, सुतक!" तर म्हणतात, "सुतक आवाजाला. चित्राला सुतक नसतं. वसंताला शेवट बघायचा होता." आणि आम्ही दोघींनी आवाज पूर्ण बंद करून तो शेवटचा भाग पाहिला. मुलगा दारात येतो, बाप उठतो, बराच वेळ काहीतरी बोलतो, मग दार लोटलं जातं. मुलगा आत की बाहेर तेही नीट दिसलं नाही. तेव्हा पुन्हा बघायची सोय नव्हती. वन्सं शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, बापाने घेतला त्याला आत. मी म्हणायचे, छे, तोंडावर दार लावलं. वीस वर्षं तरी आम्ही त्यावर भांडलो असू. कोणाला विचारलं असतं तर कळलंही असतं, पण दोघींनी कधी विचारलं नाही.

मग तो रोजच्या मालिकांचा काळ आला आणि आमच्या घराला जणू साडेसाती लागली. रोज संध्याकाळी तोच ढोल, तीच भरजरी साडी नेसून झोपलेली बाई, आणि एका वाक्यावर तीनदा चेहऱ्याजवळ येणारा कॅमेरा. आणि नणंद! एक नणंद धड असेल तर शपथ. कोणी खिरीत काहीतरी कालवतेय, कोणी भावजयीला जिन्यावरून ढकलतेय. वन्सं संतापायच्या. "मेल्यांनो, नणंदेला दुसरा उद्योगच नाही का? नोकरी नाही, गुडघेदुखी नाही, बँकेत जायचं नाही?" मी मुद्दाम चिडवायचे, वन्सं, आज खीर तुम्ही करणार की मी? तर म्हणायच्या, "तूच कर, मला घालायला वेगळं काही मिळालेलं नाही." लोकांना फार आश्चर्य वाटायचं, दोघी बायका, त्यातून नणंद-भावजय, एका घरात कशा नांदतात. काही नांदत वगैरे नव्हतो. कोथिंबीर निवडताना देठ किती ठेवायचे यावरून आमचा दोन-दोन दिवस अबोला असायचा. पण अबोला जाहिरातीत धरायचा नाही, एवढंच होतं. हे गेल्यानंतर मुग्धाही सासरी गेली, आणि घरात उरलेल्या त्या दोन-दोन मिनिटांवरच आमचं चाललं होतं.

मालिका पाहणं मात्र आम्ही जवळपास सोडून दिलं होतं. बातम्या लावायच्या आणि त्यांनाही शिव्या घालायच्या. मुग्धाने मोबाईलवर परदेशी मालिका दाखवायचा प्रयत्न केला. सगळे भाग एकदम मिळतात आत्या, रात्रभर बघत बसा, म्हणाली. वन्संनी कानाला हात लावले. "पंगत वाढल्यासारखं सगळं एकदम पानात? मग आठवडाभर चघळायचं काय?" आणि मग गेल्या वर्षी एका वाहिनीने रविवारची मालिका सुरू केली. आठवड्याला एक भाग, मोजके भाग, आणि गोष्ट आमच्याच भागातली, विमानतळासाठी हलवलेल्या गावांतल्या एका घराची. नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आम्ही तिला "आपली मालिका" म्हणायचो. पहिल्या भागात एक बाई मोडायच्या घरात शेवटची भांडी घासत बसलेली. ना संगीत, ना काही, नुसता राखेचा आणि पाण्याचा आवाज. मी आत पोळ्या लाटत होते. वन्संची हाक आली, "निमा, गॅस बंद कर आणि बाहेर ये. माणसं परत आली टीव्हीवर!" त्यांचा चेहरा असा झाला होता की मी पिठाच्या हातानेच जाऊन बसले. नंतर बघता बघता दुसऱ्या वाहिन्यांवरही अशा एक-दोन मालिका लागल्या, आणि आमचे रविवार-बुधवार पुन्हा भरले.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ऋता नावाची एक मुलगी भाड्याने राहायची. ती या मालिकेत सहायक दिग्दर्शक आहे हे वन्संना लिफ्टमध्ये कळलं, आणि मग त्या पोरीची सुटका नव्हती. रोज लिफ्टमध्ये तिला मागच्या भागाचं कौतुक ऐकावं लागायचं. तिनेच एकदा विचारलं, आजी, आम्हाला एका प्रसंगासाठी गावच्या शाळेतल्या निवृत्त बाई हव्यात, एकच वाक्य आहे, कराल का? वन्सं आधी म्हणाल्या, छे गं, माझं काय वय आहे का. दुसऱ्या दिवशी मला म्हणतात, "निमा, ती फिकी जांभळी साडी इस्त्रीला दे." प्रसंग असा, की घरातला कर्ता पुरुष गेलाय, आणि त्या बाई त्याच्या बायकोला चहा देतात. वाक्य, "घोटभर चहा घे गं." चार शब्द. त्या चार शब्दांची आमच्या घरात पंधरा दिवस तालीम चालली होती. मी फरशीवर विधवा होऊन बसायचे, म्हणजे मला काही वेगळं करावं लागत नव्हतं, आणि त्या रिकामा कप माझ्यापुढे धरायच्या. मी म्हणायचे, वन्सं, कचेरीतल्या साहेबाला मजकूर दाखवताय असं वाटतंय. त्या पुन्हा करायच्या.

चित्रीकरण जवळच्या ओवे गावात झालं, एका जुन्या घराच्या ओटीवर. मी सोबतीला गेले होते. सकाळी गेलो ते दुपार टळली तरी आमची पाळी येईना. दर थोड्या वेळाने वरून विमान जायचं, नाहीतर रस्त्यावरून डंपर, आणि आवाजाचं यंत्र सांभाळणारा मुलगा मान हलवायचा की झालं, सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्या घरच्या मालकीणबाई आम्हाला सावलीत घेऊन बसल्या. "तुमी बसा हितं. त्यांचा आसाच चालतं दिसभर. जेवलाव का नाय?" असं म्हणत त्यांनी भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. वन्संनी जन्मात सुकट खाल्ली नव्हती. नाही कसं म्हणायचं म्हणून भाकरी कोरडीच खाल्ली आणि चटणी हळूच माझ्या पानात सरकवली. मग बोलावणं आलं. वन्सं ओटीवर बसल्या, हातात खराखुरा गरम चहा. त्या नटीसमोर कप धरला आणि म्हणाल्या, "घोटभर चहा घे गं." तिथे थांबायचं होतं. पण त्या थांबल्या नाहीत. त्या मुलीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "रडायलाही ताकद लागते." मी कॅमेऱ्यामागे उभी होते. वीस वर्षांपूर्वीचं आमचं स्वयंपाकघर, ती फरशी, सगळं समोर आलं. दिग्दर्शक काही बोलायच्या आधी वन्संच म्हणाल्या, माफ करा हं, जास्तीचं निघालं तोंडातून. तो म्हणाला, आजी, ते राहू दे. परत येताना गाडीत मी त्यांना विचारलं, का बोललात? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "समोर तूच दिसलीस."

तो भाग केव्हा लागणार ते ऋताने आधीच सांगितलं होतं. वन्संनी भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं. मग एकाएकी ताप आला, तो छातीत गेला, आणि त्या रविवारी त्या गेल्या. त्यांचा भाग पुढच्या रविवारी होता. म्हणजे सुतकात.

रोडपालीचे भाऊजी, ह्यांचे चुलतभाऊ, यांनी सगळं क्रियाकर्म हातात घेतलं. फार भला माणूस, पण नियमाचा पक्का. आल्या आल्या त्यांनी कपाटातून हिरव्या फुलांची चादर काढली आणि टीव्हीवर टाकली. योगायोगाने ह्यांच्या वेळची तीच चादर. आठवडाभर माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. लोक भेटायला येत, मी मान हलवी, आणि नजर त्या चादरीकडे. वन्संनी इतकी वाट पाहिलेली एक गोष्ट, आणि त्या वेळी त्यांच्याच घरात काळोख? सारी कॉलनी बघणार आणि मी बघणार नाही? मुग्धा समजूत घालत होती, आई, मोबाईलवर नंतर कधीही बघता येईल. येईल ना. पण आम्ही दोघींनी नंतर कधी काही पाहिलं नव्हतं. आम्ही वेळेवर बघणाऱ्या बायका.

रविवारी संध्याकाळी भाऊजी बसलेलेच होते, त्यांच्या मिसेसही होत्या. आठ वाजायला आले तशी मी उठले आणि चादर काढली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे काय? अजून दहावा व्हायचाय." मी म्हटलं, "आवाज लावत नाही. चित्राला सुतक नसतं." "हे कोणी सांगितलं तुम्हाला?" "ज्यांचं सुतक धरलंय, त्यांनीच." मी टीव्ही लावला आणि लगेच आवाज बंद केला. रिमोटवरचं ते बटण वन्संच्या अंगठ्याने इतकं झिजलंय की त्याच्यावर कसली खूणच उरलेली नाही, पण माझं बोट बरोबर तिथे गेलं. सगळे बघत होतो. प्रसंग आला. ओटी, बायका, आणि जांभळ्या साडीत वन्सं. जिवंत, ठणठणीत, कपाळावर ती त्यांची आठी. कप पुढे झाला. ओठ हलले. आणि माझ्या तोंडून निघालं, मोठ्याने, सगळ्यांसमोर, "घोटभर चहा घे गं. रडायलाही ताकद लागते." अगदी त्यांच्या ओठांबरोबर. मुग्धा माझ्याकडे बघून रडायला लागली. भाऊजींनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई पहिल्यापासून हट्टी." मग त्यांच्या मिसेसनी उठून सगळ्यांसाठी चहा टाकला.

तेरावा झाला, भाऊजी गेले, मुग्धाही गेली. तिच्या घरी शाळा-परीक्षा, ती तरी किती राहणार. घर इतकं शांत झालं की फ्रिज चालू-बंद झालेला कळतो. एक दिवस मनात आलं, आता सुतक नाही, आता वन्संचा आवाज ऐकू या. मुग्धाने मोबाईलवर तो भाग काढून ठेवला होता. मी चष्मा लावून, दार लावून बसले. वन्सं आल्या, कप पुढे झाला, आणि एक बाई बोलली. गोड, घोळवलेला, रेडिओवरच्यासारखा आवाज. वन्संचा आवाज नव्हताच तो! वन्संचा आवाज जाडा, थोडा खरखरीत, "गं" वर किंचित चढणारा. मला आधी वाटलं मोबाईलमध्ये बिघाड आहे. पुन्हा लावलं. तीच बाई. इतका संताप आला की लगेच वर जाऊन ऋताची बेल वाजवली. ती बिचारी दारातच रडवेली झाली. म्हणाली, "काकू, त्या दिवशी विमानांचा आवाज इतका आला होता की काहीच वापरता येईना. आजींना स्टुडिओत आवाज द्यायला बोलवायचं होतं. मी बाहेरगावी होते, तिथून फोन केले, पण बंद लागत होता... नंतर कळलं त्या हॉस्पिटलात आहेत. मला तुम्हाला सांगवलं नाही." तिचा तरी काय दोष. वन्संचा फोन तेव्हा कपाटात साड्यांखाली चार्जिंगशिवाय पडलेला होता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली आले.

खाली येऊन मात्र मी खूप रडले. हॉस्पिटलातही इतकी रडले नव्हते. चाळीस वर्षं ज्या आवाजाने मला ओरडलं, चिडवलं, पुढे बसायला जागा दिली, तो आता कुठेच नाही. आमच्याकडे त्यांचा एकही आवाज भरून ठेवलेला नाही. फोटो आहेत ढीगभर. सरळच सांगते, मला फार एकटं वाटतं. सकाळी नाही वाटत, सकाळी कामं असतात. रविवारी आठला वाटतं. मालिका अजून चालू आहे, चांगली चालली आहे, लोक लिफ्टमध्ये तिच्याविषयी बोलतात. मी बघते. जाहिरात लागली की आवाज बंद करते, आणि शेजारच्या खुर्चीतून कोणी विचारत नाही की निमा, त्या धाकट्याचं काय चुकलं.

आता मी एक करते. मालिका संपली की मोबाईल टेबलावर उभा करते, वन्संचा तो भाग लावते, आणि त्या गोड आवाजाच्या बाईला आधी गप्प करते. मग वन्सं येतात. कप पुढे करतात, ओठ हलतात, आणि मला त्या ऐकू येतात, खरखरीत, "गं" वर चढलेल्या. आवाज बंद असला की बोलायची पहिली पाळी त्यांची, हा आमचा नियमच आहे. त्यांचं बोलून झालं की मी चहा घेते.